नऊवारी कुणी सोडली, कुणी मिळवली?

आजचा भाग एका व्हॉइस नोटमुळे झालाय. डोंबिवलीची एक मैत्रीण आपला पॉडकास्ट नेहमी ऐकते, लोकलमध्ये, उभ्याने. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेसाठी तिने दोन शिवलेल्या नऊवारी आणल्या. एक स्वतःला, एक आजीला. आजी ८४ वर्षांची आहे, तब्येतीने ठणठणीत. दोघींनी नथ घालून, चंद्रकोर लावून रील करायचं ठरलं होतं. म्हणजे नातीने ठरवलं होतं. आजीने पिशवी उघडून बघितली आणि म्हणाली, "तू नेस बाई, छान दिसशील. मी नाही नेसणार. हे अंगावरून उतरवायला मी सासूशी दोन वर्षं भांडलेय."

मैत्रिणीचा प्रश्न असा: आजीला आपल्याच परंपरेचा एवढा राग का?

मला वाटलं, दहा मिनिटांचं उत्तर असेल. मग मी वाचायला बसले आणि नऊवारीकडे बघायची माझी नजरच बदलली. म्हणून हा आख्खा भाग.

आधी हिशेब. एक वार म्हणजे ३६ इंच. नऊ वार म्हणजे साधारण सव्वाआठ मीटर कापड. आपल्या आज्या-पणज्या याला 'नऊवारी साडी' म्हणायच्याही नाहीत, त्या 'लुगडं' म्हणायच्या. आणि एक गंमत बघा. आज आपण जिला 'पाचवारी' म्हणतो ती बहुतेक वेळा साडेपाच मीटरची असते, म्हणजे हिशेबाने सहा वार. काही घरांत तिला 'सहावारी'च म्हणतात, आणि तेच बरोबर आहे.

दोन्हींत खरा फरक लांबीचा नाही, काष्ट्याचा आहे. लुगड्याचा काष्टा पायांमधून मागे नेऊन खोचतात, धोतरासारखा. त्यामुळे दोन पाय वेगळे मोकळे राहतात आणि आतून परकर लागत नाही. पाचवारी कमरेभोवती गोल गुंडाळतात, आत परकर हवाच. जुनी माणसं पाचवारीला 'गोल साडी' किंवा 'गोल पातळ' म्हणायची ती यामुळे. आणि पंडिती भाषेत दोघींना नावं होती: काष्टा असलेली ती सकच्छ, नसलेली ती विकच्छ. हे शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणारेत.

आता तो फॉरवर्ड तुम्हालाही आला असेल: मराठा स्त्रियांना घोड्यावर बसून लढता यावं म्हणून नऊवारीचा शोध लागला. ऐकायला भारी वाटतं, झाशीच्या राणीचे पुतळेही डोळ्यांसमोर येतात. पण काष्टा घालून वस्त्र नेसायची रीत मराठेशाहीपेक्षा पुष्कळ जुनी आहे. आणि साधा विचार करा. घोड्यावर बसून लढाईला गेलेल्या बायका किती? आणि गुडघाभर चिखलात वाकून भात लावणाऱ्या, डोक्यावर दोन हंडे घेऊन चढ चढणाऱ्या, बाजारात मासळी घेऊन बसणाऱ्या किती? लुगडं हा कष्टाचा पोशाख आहे. ते वर खोचता येतं, खाली सोडता येतं. पदर कमरेला बांधला की दोन्ही हात मोकळे. माझं मत विचाराल तर घोड्याच्या गोष्टीपेक्षा ही गोष्ट जास्त अभिमानाची आहे.

पण 'वर खोचता येतं, खाली सोडता येतं' हे मी जितक्या सहज म्हटलं तितकं ते सहज नव्हतं.

लुगडं कुठपर्यंत आहे, घोट्यापर्यंत, पोटरीपर्यंत की गुडघ्यापर्यंत, यावरून समोरची बाई कोण हे रस्त्यावरच्या माणसाला लांबून कळायचं. ब्राह्मण घरातली बाई घोट्यापर्यंत नेसायची, पुढे ओचा सोडायची. कोळीण गुडघ्याच्या वर, घट्ट, कारण पाण्यात आणि होडीत काम. वर अंगावर वेगळं वस्त्र घ्यायची. आजही मुंबईच्या मासळी बाजारात वयस्क कोळणी तशाच नेसतात आणि ती त्यांची शान आहे, कुणी त्यांच्यावर लादलेली नाही.

रंगाचंही तसंच. ब्राह्मण घरात नवरा गेला की बाईचं केशवपन व्हायचं आणि आयुष्यभर एकच वस्त्र: लाल आलवण. रंग बघितला की पुढची गोष्ट विचारायची गरज नाही. हे आपल्या पणजीच्या पिढीतलं आहे, फार लांबचं नाही.

आणि मग सगळ्यात अवघड भाग. फलटणच्या बेबी कांबळे यांचं 'जिणं आमुचं' हे आत्मकथन अनेकांनी वाचलं असेल. नसेल तर वाचा, छोटं पुस्तक आहे, पण दोन दिवस काही सुचत नाही. त्यात त्यांनी महार बायकांच्या लुगड्याबद्दल लिहिलंय. लुगड्याला काठ असायचा, पण तो दिसू द्यायचा नाही. निऱ्या अशा घालायच्या की काठ आत लपला पाहिजे. काठ दिसणं हा वरच्या जातीतल्या बायकांचा मान. विचार करा, काठ विकत घेतलाय, तो कापडातच विणलेला आहे, आणि रोज सकाळी तो लपवायची कला शिकायची.

आता मी तुम्हाला महाडला नेते. साल १९२७. मार्चमध्ये चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला, तो आपण शाळेत शिकलोय. डिसेंबरमध्ये बाबासाहेबांनी पुन्हा परिषद घेतली आणि २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली, तेही पुस्तकात असतं. पुस्तकात सहसा नसतं ते पुढचं. याच परिषदेच्या वेळी बाबासाहेब बायकांशी वेगळे बोलले, आणि त्यातला मोठा भाग कपड्यांबद्दल होता.

त्यांच्या बोलण्याचा सारांश माझ्या शब्दांत असा: तुमची लुगडं नेसायची पद्धत हीच तुमच्या अस्पृश्यतेची खूण झालीय, ती पुसून टाका. वरच्या वर्गातल्या बायका नेसतात तसं तुम्हीही नेसा. गळ्यात आणि कोपरापर्यंत चांदीचे, कथलाचे ढीगभर दागिने घालता, तीही ओळखीची खूणच आहे, ते कमी करा. लुगडं फाटकं असलं तरी चालेल, पण स्वच्छ असू द्या.

आणि बायकांनी काय केलं? चर्चा नाही, समिती नाही. दुसऱ्या दिवशी त्या घोट्यापर्यंत लुगडं नेसून आल्या. आयुष्यभर एका पद्धतीने नेसलेल्या बाईला ते लगेच कसं जमणार? तर महाडच्या लढ्यात बाबासाहेबांबरोबर उभे असलेले चित्रे आणि टिपणीस, यांच्या घरातल्या बायकांनी त्यांना नेसायला शिकवलं. म्हणजे एका सवर्ण बाईने एका दलित बाईच्या निऱ्या स्वतःच्या हाताने घातल्या. १९२७ साली, जिथे पाण्याला स्पर्श झाला म्हणून दंगल झाली होती त्याच गावात. मला विचाराल तर मनुस्मृतीच्या शेजारी या प्रसंगाचंही चित्र पाठ्यपुस्तकात हवं.

इथे एक गोष्ट नीट बघा. कापड बदललं नाही. तीच नऊवारी, तोच काष्टा. बदललं ते फक्त अंतर, गुडघ्यापासून घोट्यापर्यंतचं. वीतभर कापड खाली आलं. पण गावी परत गेल्यावर ते वीतभर कापड किती महाग पडू शकतं हे त्या बायकांना आपल्यापेक्षा चांगलं माहीत होतं. तरी त्या तशाच निघाल्या.

तुम्ही म्हणाल, बाबासाहेब स्वतः तर सूट घालायचे. हो, आणि तो योगायोग नव्हता. गांधीजींनी २२ सप्टेंबर १९२१ ला मदुराईत अंगावरचे कपडे कमी करून पंचा स्वीकारला, कारण त्यांना गरिबांसारखं दिसायचं होतं. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या उघडं-वाघडं राहायलाच भाग पाडलं, त्यांच्या नेत्याला कपडे कमी करून काय मिळणार होतं? त्याला कोट हवा होता, टाय हवा होता, खिशाला पेन हवं होतं. आज गावोगावच्या निळ्या सुटातल्या पुतळ्यांकडे बघून कुणी नाक मुरडलं, तर त्याला काठ लपवायच्या निऱ्यांची गोष्ट सांगा.

हां, तर ही झाली नऊवारी मिळवणाऱ्या बायकांची गोष्ट. आता सोडणाऱ्या. त्यासाठी आपल्याला चाळीस-पन्नास वर्षं मागे जायला लागेल.

आनंदीबाई जोशी. १८८३ मध्ये, अठराव्या वर्षी, एकटी बोटीने अमेरिकेला निघालेली मुलगी. निघायच्या आधी श्रीरामपूरला, म्हणजे बंगालमधल्या, तिने जाहीर भाषण केलं. लोकांना एकच भीती होती, की पोरगी तिकडे जाऊन बाटणार. तिने सांगितलं की मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, माझा पोशाख आणि माझा आहार मी बदलणार नाही. शब्द दिला. आणि मग आला अमेरिकेचा हिवाळा. नऊवारीत पोटऱ्या उघड्या, कंबर उघडी. पुण्या-कल्याणच्या हवेला ते ठीक आहे, न्यू जर्सी आणि फिलाडेल्फियाच्या बर्फात नाही. परदेशी पोशाख घालायचा तर शब्द मोडतो. न घालावा तर थंडी मारते. तिने मधली वाट काढली: साडीच, पण गुजराती पद्धतीची, आत परकर घालून, पाय झाकणारी.

१८८५ चा तो फोटो तुम्ही नक्की पाहिलाय. तीन मुली, तिघी एकाच मेडिकल कॉलेजात शिकणाऱ्या. जपानची केई ओकामी किमोनोत, सीरियाची सबात इस्लामबुली तिच्याकडच्या पोशाखात, आणि आपली आनंदीबाई साडीत. लोक तो फोटो 'परंपरा जपणाऱ्या तीन डॉक्टर' म्हणून शेअर करतात. मला त्यात एक वीस वर्षांची मुलगी दिसते, जिला शरीरशास्त्राच्या अभ्यासाबरोबर हाही हिशेब करावा लागला की मी जगण्यापुरती किती बदलले तर माझ्या माणसांना चालेल. १८८६ मध्ये ती एमडी झाली. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत, पुण्यात, क्षयाने गेली.

आणि ही जी गोल साडी आज 'भारतीय साडी' म्हणून जगभर ओळखली जाते, तिच्या घडणीत आपल्या मुंबईचा मोठा हात आहे. सत्येंद्रनाथ टागोर, रवींद्रनाथांचे थोरले बंधू, आयसीएस झालेले पहिले भारतीय. १८६४ मध्ये त्यांची नेमणूक मुंबई इलाख्यात झाली. बरोबर बायको, ज्ञानदानंदिनी, अगदी लहान वयाची. बंगालमध्ये घरातल्या बायका तेव्हा एकच पातळ साडी गुंडाळायच्या, आत काही नाही. त्या वेशात बाहेर पडणं शक्यच नव्हतं, कारण बाईने बाहेर पडायचं असतं हेच गृहीत नव्हतं. मुंबईत तिने पारशी आणि गुजराती बायका बघितल्या. आत परकर, वर पोलकं, आणि त्यावर साडी. तिने ते उचललं, पदर डाव्या खांद्यावर घेतला आणि कलकत्त्याला परतल्यावर इतर बायकांना शिकवलं. तिकडे त्याला बरीच वर्षं 'बॉम्बे' पद्धतच म्हणत.

आपल्याकडे मात्र गोल साडी सहज आत आली नाही. कारण ती विकच्छ. काष्टा नाही म्हणजे सोवळं नाही. सोवळं नाही म्हणजे देवघरात जायचं नाही, स्वयंपाकाला हात लावायचा नाही. गोल नेसणारी म्हणजे मडमेसारखी, नाटकातली, शेफारलेली. एक पिढी यावर घराघरांत वाद झालेत. शिकलेल्या माणसांनी गंभीरपणे लिहिलंय की बाईने सकच्छ नेसावं की विकच्छ.

आणि याच काळात पुरुष काय करत होते? अंगरखा गेला, कोट आला. धोतर गेलं, पाटलोण आली. जोडे गेले, बूट-मोजे आले. पगडी गेली, टोपी आली, मग तीही गेली. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्येच 'स्त्रीपुरुष तुलना' मध्ये हे पकडलं होतं. साहेबाचे कपडे चढवताना तुमचा धर्म कुठे जातो, आणि धर्म राखायची वेळ आली की बरी आमची आठवण होते, असा त्यांचा रोख आहे. शिव्या दिल्यासारखं लिहिलंय, मजा येते वाचताना. दीडशे वर्षं होत आली. मागच्या महिन्यात मी एका लग्नाला गेले होते, तिथे नवरीकडच्या सगळ्या बायका नऊवारीत आणि मामा-काका जीन्समध्ये. म्हटलं, ताराबाई, तुम्ही हव्या होतात.

राजघराण्यांचं थोडं वेगळं. बडोद्याच्या गायकवाडांची लेक इंदिराराजे, कूचबिहारची महाराणी झाली, तिने फ्रान्सच्या शिफॉनची साडी देशभर फॅशनमध्ये आणली. हे वेगळं प्रकरण आहे, तिच्या लग्नाची गोष्ट तर वेबसीरिजच. पुन्हा कधीतरी.

सामान्य घरात लुगडं मागे पडलं त्याची कारणं साधी होती. दुसऱ्या महायुद्धात कापडाची टंचाई झाली, १९४३ मध्ये सरकारने कापडावर कंट्रोल आणला. जिथे कापडच मोजून मिळतंय तिथे नऊ वारांपेक्षा पाच वार परवडतात. पातळाच्या किमतीपुढे काष्ट्याचं शास्त्र किती टिकणार! त्यात मुली शाळा-कॉलेजात गेल्या, मग नोकऱ्यांना लागल्या.

इथे परत येऊ डोंबिवलीच्या आजीकडे. मी मैत्रिणीला म्हटलं, आजीला नीट विचार, आणि फोन रेकॉर्डवर ठेव. तिने विचारलं. मला अर्ध्या तासाची फाइल आली, मागे कुकरच्या शिट्ट्यांसकट.

आजीचं लग्न १९६१ चं. माहेरी मुलगी गोल नेसायची, कारण शाळेत शिक्षिका होती. सासरी सासू म्हणाली, या घरात सुना काष्ट्याचंच नेसतात. नोकरी कर, पण गोल नेसून देवाजवळ आणि चुलीजवळ यायचं नाही. आता नोकरी सोडायची तर घरात पगार एकाचा. मग तोड निघाली ती अशी: पहाटे उठून नऊवारी, पूजेची तयारी आणि स्वयंपाक. साडेनऊला नऊवारी उतरवून पाचवारी, धावत शाळेत. संध्याकाळी आल्या आल्या पुन्हा नऊवारी. रात्री दोन्हींच्या घड्या. आजी म्हणते, "मला नेसायचा कंटाळा नव्हता गं. मला कंटाळा होता तो रोज दोनदा दोन बायका व्हायचा."

दोन वर्षं हे चाललं. मग एक दिवस पाचवारीतच तिने कुकर लावला. सासू चार दिवस तिच्या हातचं जेवली नाही. पाचव्या दिवशी जेवली. "काही बोलली नाही. भात वाढ म्हणाली फक्त."

मी हे ऐकून फाइल थांबवली आणि महाडच्या बायकांचा विचार करत बसले. त्यांना घोट्यापर्यंतचं लुगडं हवं होतं, कारण ते त्यांना नाकारलेलं होतं. आजीला तेच लुगडं नको होतं, कारण ते तिच्यावर लादलेलं होतं. चौतीस वर्षांचं अंतर. दोघी समोरासमोर आल्या असत्या तर एकमेकींना नीट कळल्या असत्या असं मला वाटतं.

माझ्या मैत्रिणीने नऊवारी नेसू नये असं मी म्हणतेय का? अजिबात नाही. तिने ती मस्त नेसावी, बुलेटवर बसावं, रील टाकावं. पिवळ्या रंगाची, काठ चांगला चार बोटांचा, दिसेल असा. शिवलेली नऊवारी पायजम्यासारखी दोन मिनिटांत चढते यावर जुन्या बायका हसतात, हसू देत. २०१५ मध्ये 'बाजीराव मस्तानी' तल्या 'पिंगा' गाण्यावरून केवढा वाद झाला होता, काशीबाई असं नेसतील का, असं नाचतील का म्हणून. म्हणजे बाई दोन-अडीचशे वर्षांपूर्वी गेलेली असली तरी तिने लुगडं कसं नेसावं यावर लोकांचं मत असतंच. फक्त कॅप्शनमध्ये 'आमच्या आज्यांची परंपरा' लिहिण्याआधी एकदा आजीला विचारून घ्या. कुणाची आजी काठ लपवत होती, कुणाची आलवणात होती, कुणाची दिवसातून दोनदा साडी बदलत होती.

फाइलच्या शेवटी नात विचारते, "आजी, मग त्या सगळ्या नऊवारी गेल्या कुठे? टाकल्यास?"

"टाकीन कशाला? चांगलं सुती कापड ते. गोधड्या शिवल्या. तू रात्री जी पांघरतेस ना, हिरवी, तिच्यात तीन आहेत."

चला, आजच्यापुरतं इतकंच. पुढच्या भागात पुरुष मंडळी, तुमची पाळी: पगडी, पागोटं, फेटा आणि टोपी. तुमच्या घरात लुगड्याची काही गोष्ट असेल तर आजीकडून रेकॉर्ड करून पाठवा. कुकरच्या शिट्ट्या चालतील.